सोडलेली दारू पुन्हा तोंडाला लागली, तर घरच्यांनी काय करावं?

उंबरठा (धागाकर्ता)

दारू कशी सोडावी यावर इथे भरपूर लिहून झालंय. सोडलेली दारू पुन्हा सुरू झाली की पुढे काय, यावर मात्र कुणी फारसं लिहीत नाही. व्यसनमुक्तीच्या कामातले, रुग्णालयातले आणि वारकरी संप्रदायातले जाणते सदस्य इथे आहेत, त्यांनी नेमकं लिहावं ही विनंती. स्वतःच्या कहाण्यांसाठी वेगळा धागा आहे. इथे काय करायचं आणि का, एवढंच ठेवू या.

मला बोलायचंय ते एका ठरावीक माणसाबद्दल. दारूत काही वाईट आहे असं ज्याला वाटतच नाही, तो इथे विषय नाही. ज्याने स्वतःहून सोडली, गळ्यात माळ घातली, वाडीतल्या चार पोरांना 'सोडा रे' म्हणून समजावलं, आणि चौदा महिन्यांनी एका वरातीत पुन्हा ग्लास हातात घेतला, तो माणूस. असे लोक बऱ्याचदा पिण्याआधी माळ काढून खुंटीला अडकवतात. खुंटीवरची माळ घरात सगळ्यांना दिसते. कुणी तोंड उघडायच्या आधी त्याला स्वतःला कळलेलं असतं की आपण कशावरून घसरलो.

घरातले मग दोनपैकी एक करतात. एक तर घालून पाडून बोलतात, नाही तर काही घडलंच नाही असं दाखवतात. दोन्हीत तो एकटा पडतो. तिसरी वाट असते, पण ती नुसत्या प्रेमळ स्वभावाने सापडत नाही. त्या रात्री काय करायचं, सकाळी काय बोलायचं, पैसे कुणाकडे, गोळी कोणती, हे माहीत असावं लागतं. तेवढं इथे एकत्र जमवू या.

---

डॉ_निशिगंध

धागा हवाच होता. बोलण्याचा भाग इतर लिहितील, मी शरीरापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या तीन-चार दिवसांत जीव जाऊ शकतो.

दोन गोष्टी विचारा आणि कागदावर लिहून ठेवा: किती दिवस सलग पिणं चाललंय, आणि शेवटचा घोट किती वाजता घेतला. दवाखान्यात याच दोन उत्तरांवर सगळं ठरतं. एक-दोन दिवसच प्यायला असेल तर उतारा, म्हणजे दारू थांबल्यावर शरीराला होणारा त्रास, बहुधा सौम्य असतो. दोन-तीन आठवडे रोज पीत असेल, तर 'आजपासून बंद' म्हणून एकदम तोडणं धोक्याचं. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ८ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: अंथरुणावर किडे दिसतात, कोपऱ्यात माणसं दिसतात, ताप चढतो, दिवस-रात्र कळत नाही. हा भ्रम म्हणजे तातडीचा आजार, 'दारू उतरतेय, झोपू दे' म्हणून सोडून द्यायचा नाही. ज्याने पूर्वी अनेकदा सोडली-धरली आहे, त्याचा पुढचा उतारा आधीच्यापेक्षा जड जाऊ शकतो. 'मागच्या वेळी घरीच भागलं होतं' हा हिशेब धरू नका.

म्हणून खोलीत कोंडून दारू उतरवायची पद्धत बंद करा. बाहेरून कडी असेल तर आत फिट आलेली कुणाला कळत नाही.

आणखी एक. वर्ष-सव्वा वर्ष न पिता राहिलेल्या शरीराची सहन करण्याची ताकद कमी झालेली असते. माणूस मात्र जुन्या मापाने पितो. पूर्वी जेवढ्यात तो नुसता डुलायचा, तेवढ्यात आता बेशुद्ध पडू शकतो. झोपला असेल तर कुशीवर झोपवा, गुडघा पुढे दुमडून, पाठीला उशी लावून. उताणा झोपला आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. तोंडात बोटं घालून उलटी काढू नका. अर्धवट शुद्धीत लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी काहीही पाजू नका, आणि झोपेची गोळी तर मुळीच देऊ नका. हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलं असेल तर १०८ ला फोन. हातभट्टीची असेल आणि 'दिसायला धूसर होतंय' म्हणाला, तर सकाळची वाट न पाहता निघा. ते मिथेनॉल असू शकतं, त्यात डोळे जातात.

दवाखान्यात एक वाक्य आवर्जून सांगा: 'दारूचा पेशंट आहे, ग्लुकोज लावायच्या आधी बी-१ द्या.' सलग पिणाऱ्याच्या शरीरात थायमिनचा, म्हणजे बी-१ चा, साठा संपलेला असतो. त्यावर नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही वापरलं जातं आणि मेंदूला इजा होऊ शकते. गोंधळलेपणा, तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं ही तिची लक्षणं. दारू लपवायच्या भरात 'अशक्तपणा आलाय' एवढंच सांगून सलाइन लावून घेणारी घरं खूप आहेत. तिथे लाजेची किंमत पेशंट मोजतो.

---

रानजाई

डॉक्टरांच्या प्रतिसादाला जोडून, कारण ही चूक खेड्यात-शहरात सगळीकडे होते. पुन्हा प्यायला की घरचे डायसल्फिरामची गोळी चुरून डाळीत नाहीतर चहात घालतात. हे करू नका.

ही गोळी दारूची ओढ कमी करत नाही. दारू शरीरात मोडताना मध्येच अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं, गोळीमुळे ते पुढे मोडत नाही आणि साठतं. चेहरा लालबुंद, डोकं ठणकणं, उलट्या, छातीत दुखणं, रक्तदाब कोसळणं. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाचा यात जीव जाऊ शकतो. ज्याला आपण गोळी घेतलीय हे ठाऊक आहे, तो त्या भीतीने ग्लास लांब ठेवतो, आणि गोळीचा उपयोग तेवढाच. ज्याला ठाऊकच नाही त्याच्यासाठी ती नुसतं विष. शिवाय एक दिवस कळतंच. त्यानंतर तो बायकोच्या हातचं पाणीही संशयाने पितो.

त्याच्या संमतीने घ्यायची असेल तरी शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास जावे लागतात, आणि आधी यकृत-हृदयाची तपासणी लागते. गोळी बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे तिचा असर राहू शकतो. कफ सिरपं, काही टॉनिकं, होमिओपॅथीचे थेंब यांतली दारूही चालत नाही. आसवं-अरिष्टंसुद्धा त्यातच आली, हे पुष्कळांना माहीत नसतं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट हे आंबवूनच होतं, त्यात दारूचा अंश असतोच, बाटलीवर टक्केवारी छापलेली असते. भूक लागावी म्हणून सासूने प्रेमाने दिलेलं दोन चमचे द्राक्षासव कितीतरी जणांना परत त्या चवीपाशी नेऊन सोडतं.

ओढ कमी करणारी औषधं वेगळी आहेत, नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट वगैरे. ती मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत विचारा.

---

पायवाट

समुपदेशनाच्या बाजूने लिहिते.

अ‍ॅलन मार्लॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पुन्हा पिण्याचा फार बारकाईने अभ्यास केला. त्याने एक घोट आणि पूर्ण कोसळणं या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. आमच्याकडे पहिलीला 'स्लिप' आणि दुसरीला 'रिलॅप्स' म्हणतात. पहिलीकडून दुसरीकडे माणूस कसा जातो? आपल्याकडे उपास मोडतो तसा. एकादशीला चुकून पोळीचा घास तोंडात गेला, की 'आता मोडलाच' म्हणून माणूस ताटभर जेवतो. त्या एका घासाने पोटात काही फरक पडलेला नसतो, पडतो तो 'मोडलाच' या शब्दाने. दारूतही तेच. पहिल्या ग्लासानंतर मनात दोन वाक्यं येतात: 'मी मुळातच नालायक' आणि 'आता मोडलंच आहे तर.' पुढच्या बाटल्या या दोन वाक्यांवर रिचवल्या जातात.

आता घरचे काय बोलतात ते बघा. 'माहीतच होतं. तुझ्याच्याने होणार नाही. माळेला तरी लाजायचंस.' म्हणजे त्याच्या डोक्यात जे आधीच चाललंय, तेच मोठ्याने. मूल्य जितकं मोठं, तितकी ही लाज खोल. ज्याने माळ घातली नव्हती, त्याला एवढा मार बसत नाही. म्हणून अशा माणसाला जास्त जपावं लागतं, लोक मात्र त्यालाच जास्त झोडपतात.

काय बोलायचं? त्या रात्री जवळजवळ काहीच नाही. 'घरी आलात, बरं झालं. उद्या सकाळी बोलू.' बस्स. प्यायलेल्या माणसाशी वाद घातला तर त्याला सकाळी आठवत नाही आणि तुमचा घसा तेवढा बसतो.

सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर, मुलं शाळेत गेल्यावर, दोघांनीच बसा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. वाक्यं साधारण अशी: 'काल तुम्ही प्यालात. मला वाईट वाटलं आणि भीतीही वाटली. चौदा महिने तुम्ही राहिलात, तेही मी पाहिलंय. आज दवाखान्यात जायचं की आधी मित्राला फोन करायचा?' यात घडलेलं नाव घेऊन सांगितलंय, लपवलेलं नाही. आपल्याला काय वाटलं ते सांगितलंय, तो कसा आहे ते नाही. आणि शेवटी निवड त्याच्याकडे दिलीय, पण दोन्ही पर्याय दारूपासून लांब नेणारे. 'का प्यालात?' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका. त्याचं उत्तर खोटंच येतं, कारण त्याला स्वतःलाही ते अजून ठाऊक नसतं.

कारण शोधायची वेळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी, शक्यतो समुपदेशकाबरोबर. त्याची रीत सांगते. कोऱ्या कागदावर उभी रेघ मारायची. तळाशी पहिला घोट, वेळेसकट. मग मागे मागे जात रेघ वर चढायची. समजा असं निघतं: रात्री ९.४० ला पहिला घोट. आठ वाजता ज्या गाडीत बसला तिच्या डिकीत बाटल्या होत्या, आणि ते माहीत होतं. दुपारी पंगती वाढल्या पण स्वतः जेवला नाही. आदल्या रात्री मंडपाच्या कामात अडीचला झोपला. त्या आठवड्यात दारू सोडलेल्यांच्या गटाच्या मीटिंगला गेला नाही, 'लग्नघर आहे' म्हणून. आणि दहा दिवसांपूर्वी डायसल्फिराम बंद केली, 'लग्नात उगाच त्रास नको' म्हणून.

या शेवटच्या ओळीवर घरातले चवताळतात: 'म्हणजे ठरवूनच!' तिथेच समुपदेशकाने हात आडवा धरायचा. दहा दिवसांपूर्वी त्याने पिण्याचं ठरवलं नव्हतं, फक्त एक दार उघडं ठेवलं होतं, आणि उघडं ठेवतोय हे स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. मार्लॅट याला वरवर बिनमहत्त्वाचे दिसणारे निर्णय म्हणतो. शिव्या दिल्या तर पुढच्या वेळी ही ओळ कागदावर येणार नाही, आणि कामाची ओळ तर तीच असते. पुढच्या लग्नाआधी गोळी बंद करायची झाली तर ते आधी बायकोला आणि डॉक्टरांना सांगायचं, एवढा एक करार या कागदातून निघाला तरी खूप.

कागदावर चार गोष्टी वारंवार दिसतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. पैकी भूक सगळ्यांत सोपी, म्हणून तिच्यापासून सुरुवात करा. खिशात गूळ-शेंगदाणे. संध्याकाळी सहाला पोटभर काहीतरी, मग बाहेर. तलफ एखाद्या लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा १५ ते ३० मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायला पोटात अन्न आणि फोनवर एक माणूस लागतो.

---

मोजपट्टी

सगळं वाचलं, अभ्यासपूर्ण आहे, पण मला पटत नाही ते स्पष्ट लिहितो. इतकं मऊ वागलं तर पिणाऱ्याला वाटतं की फार काही बिघडत नाही. पूर्वी घरात वडिलांचा धाक होता, गावात चार लोक काय म्हणतील ही भीती होती, म्हणून माणसं ताळ्यावर राहायची. लाज वाटलीच पाहिजे. ती काढून घेतली तर उरतं काय?

---

पायवाट

मोजपट्टीदादा, शंका रास्त आहे. लाज काढून घ्यायला कुणीच सांगत नाहीये, ती काढता येतही नाही. खुंटीवरची माळ तिचाच पुरावा आहे, लाज नसती तर माळ गळ्यातच राहिली असती. मुद्दा असा की आपण वरून घातलेली लाज काय काम करते.

विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. समुपदेशक पिणाऱ्याशी किती भिडतो, त्याला किती खोडून काढतो, हे त्यांनी मोजलं. समुपदेशक जितका जास्त भिडला, तितकं त्या माणसाचं वर्षभरानंतरचं पिणं जास्त निघालं. कारण समजायला अवघड नाही. अंगावर धावून आलं की माणूस स्वतःचा बचाव करतो, आणि बचाव करताना दारूचीच बाजू मांडतो: 'एवढी काही नाही प्यायलो.' तेच वाक्य दहादा बोलला की त्यालाच खरं वाटू लागतं. शांतपणे विचारलं तर 'नको होतं प्यायला' हे तो आपल्या तोंडाने म्हणतो. उपयोग त्या वाक्याचा.

धाकाचं म्हणाल तर धाक असेपर्यंत माणूस पिणं थांबवत नाही, घरी येणं थांबवतो. बसस्टँडवर, शेतात, मित्राच्या खोलीवर झोपतो. डॉक्टरांनी वर जे धोके लिहिलेत, ते तिथे कुणी बघायला नसतं.

---

सहचरी

मोजपट्टी यांच्या म्हणण्यातला एक धागा मात्र मी उचलते, कारण मायेच्या नावाखाली बायकांवर जे लादलं जातं ते मला मान्य नाही. 'तू समजून घे' हे वाक्य तिलाच ऐकावं लागतं. तर काय समजून घ्यायचं नाही, ते लिहिते.

मारहाण समजून घ्यायची नाही. तो आपल्या मूल्यांपासून घसरला म्हणून दुःखी असेल, तरी हात उगारला की तिने मुलांना घेऊन घराबाहेर पडायचं, ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करायचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला संरक्षणाचा आणि त्याच घरात राहण्याचा आदेश मागता येतो, अर्ज तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्याकडे करता येतो. कपड्यांची एक पिशवी, आधार-रेशनकार्डाच्या प्रती आणि थोडी रोकड शेजारणीकडे आधीच ठेवावी. हे सगळं करूनही तिच्या मनात त्याच्याविषयी माया असू शकते, तिने ती सुरक्षित जागेवरून करावी.

कामावर खोटा फोन करायचा नाही. 'साहेब, यांना ताप आहे' हे बायकोने सांगितलं की परिणाम तिने स्वतःवर घेतला. फोन त्याने करावा, जे सांगायचं ते त्याने सांगावं. उलटी केलेली जागा आरोग्यासाठी पुसावी लागते, ती पुसा. पण गुत्त्यावरची उधारी गुपचूप भागवू नका. तो शुद्धीत असताना वहीत लिहून काढायची, कुणाचे किती, आणि त्याच्या पगारातून हप्ता ठरवायचा. त्याने स्वतः फेडलेले पाचशे रुपये तुम्ही फेडलेल्या पाच हजारांपेक्षा त्याला सावरायला जास्त कामी येतात, कारण कबूल केलेलं पाळल्याची ती पहिली छोटी गोष्ट असते.

पैशांचं नियंत्रण हवंच, पण संगनमताने. पगाराच्या दिवशी तो एकटा परत येऊ नये. यूपीआयची दिवसाची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून खाली आणता येते, ती त्याच्याच हाताने आणवा. खिसे तपासणं, फोन चोरून बघणं, तोंडाचा वास घेणं बंद. वास घेणारी बायको पहारेकरी होते, आणि पहारेकऱ्याला चकवण्यात माणसाची सगळी हुशारी खर्च होते.

उलट, तो न पिता घरी आला त्या संध्याकाळी काहीतरी बरं घडू द्या. आवडीची भाजी, मुलांबरोबर अर्धा तास. अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी कुटुंबांसाठी जी प्रशिक्षणपद्धत तयार केली तिचा गाभा हाच: शुद्धीतल्या वेळेला गोडी लावायची, प्यायलेल्या वेळेतून आपण शांतपणे बाजूला व्हायचं. नातेवाइकांसाठी अल-अनॉनच्या बैठकाही असतात. तिथे फक्त घरच्यांनी जायचं असतं, पिणाऱ्याने नाही. त्याने सोडेपर्यंत थांबू नका, तुम्ही तुमच्यासाठी जा.

---

रानजाई

सहचरीताई, प्रत्येक ओळीला +१.

---

कोरडा_दिवस

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए), म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायचे गट, त्यांच्या बाजूने थोडं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून ही चळवळ उभी राहिली, आणि आज मराठीतून चालणारे गटही आहेत. पुन्हा प्यायलेला माणूस मीटिंगला आला तर त्याला मागे बसवत नाहीत, जाब विचारत नाहीत. तो उठून सांगतो, 'आज माझा पहिला दिवस.' बाकीचे टाळ्या वाजवतात. पहिल्या वेळेला ही टाळी ऐकणं अवघड जातं, माणसं मान खाली घालतात. पण त्या खोलीतल्या अनेकांनी ते वाक्य कधी ना कधी पुन्हा म्हटलेलं असतं, म्हणून ती टाळी खोटी वाटत नाही.

साधा नियम: घसरल्यापासून २४ तासांत एका माणसाला फोन, ४८ तासांत एक मीटिंग. पुढे ९० दिवसांत ९० मीटिंगा हा जुना सल्ला. खेडेगावात रोजची मीटिंग नसते, तिथे ऑनलाइन गट किंवा रोज ठरलेल्या वेळी मार्गदर्शक मित्राला फोन.

दिवस मोजण्याबद्दल घरात भांडणं होतात म्हणून लिहितो. एएमध्ये तारीख शेवटच्या घोटापासून धरतात, म्हणजे पुन्हा एकपासून.

---

पायवाट

इथे माझा थोडा मतभेद. शून्य दिसलं की 'मोडलंच' वाला झटका पुन्हा बसतो. मी दोन आकडे लिहायला सांगते: आजचा सलग दिवस आणि गेल्या दोन वर्षांतले एकूण कोरडे दिवस. १४ महिने म्हणजे सव्वाचारशे दिवस, ते कुठे जात नाहीत. त्या काळात शिकलेलं, कुणाला फोन करायचा, कुठल्या रस्त्याने जायचं नाही, हेही जात नाही.

---

कोरडा_दिवस

दोन आकडे ठेवायला हरकत नाही, पण मीटिंगमध्ये सांगताना एकच सांगावा. नाहीतर एकूण आकडा मोठा ठेवून मधले घोट त्यात लपतात, हेही बघायला मिळतं. घरच्या वहीत दोन, बाहेर एक, असं करू या.

---

उंबरठा

पटलं. आता एक अवघड प्रश्न. माणूस नुसता माळकरी नाही, गावात कीर्तन करतो किंवा व्यसनमुक्तीची भाषणं देतो. तो प्यायला तर लोक सरळ 'ढोंगी' म्हणतात. तिथे काय?

---

इंद्रायणीकाठ

ढोंगी आणि घसरलेला यांतला फरक तपासता येतो. जे सांगतो ते आपल्याला लागूच नाही असं मानून जो सांगत राहतो, पकडला गेला तर उलट चिडतो, तो ढोंगी. जो घसरतो त्याला आतून टोचतं, तो व्यासपीठ टाळायला लागतो, सबबी सांगतो, तारखा रद्द करतो. लोकांना दोघे बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून जवळच्या दोन-तीन माणसांनी हे ओळखायचं.

ओळखल्यावर त्याची जबाबदारी काही काळ काढून घ्यावी, माणसाला दूर करू नये. कीर्तन नको, पण टाळकऱ्यांत उभं राहू द्या. भाषण नको, पण सतरंज्या घालायला येऊ द्या. किती काळ, ते आधी ठरवून त्याला सांगा, सहा महिने तर सहा महिने. मुदत न सांगता बाजूला केलेला माणूस परत येत नाही. आणि गावासमोर जाहीर माफी मागायला लावू नका. ज्यांना त्रास झाला त्यांच्यापाशी कबुली द्यावी, तीही शुद्धीवर येऊन काही आठवडे गेल्यावर. पहिल्या आठवड्यातली माफी लाजेपोटी असते, आणि ती मोडली की दुप्पट लागते.

दुसरं, शपथ. पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. हे कृपा करून बंद करा. ती मोडली की त्या बापाच्या मनात बसतं की आता पोराला काहीतरी होणार. मग पोराला साधा ताप आला तरी तो हादरतो आणि पोराच्या नजरेपासून पळतो. सावरायला ज्याचा आधार व्हायचा, तेच मूल त्याला धाकाचं वाटू लागतं. माळ घालताना पांडुरंगाला शब्द दिलेला असतो, तेवढा पुरे. मध्ये लेकराचं डोकं आणू नये.

आपल्याकडची तिथीवार लाटही ध्यानात ठेवा. श्रावण पाळणारे पुष्कळ, आणि त्याआधीची अवस गटारी म्हणून साजरी करणारेही तेवढेच. गटारी, होळी-धुळवड, वराती, यात्रेतलं मटण, ३१ डिसेंबर. सोडलेल्याने या दिवसांचा बेत आठवडाभर आधी ठरवावा: कुठे असणार, कुणाबरोबर, किती वाजता परत. 'बघू तेव्हाचं तेव्हा' म्हणणारा त्या दिवशी सापडतो.

---

डॉ_निशिगंध

एक गोष्ट राहिली होती, आणि ती मी आधी लिहायला हवी होती. पुन्हा प्यायल्यानंतरचे दिवस आत्महत्येच्या दृष्टीने धोक्याचे असतात, विशेषतः ज्याला स्वतःची फार लाज वाटते त्याला. 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास', 'मी नसतो तर बरं' असं बोलला, अचानक व्यवहार मिटवायला लागला, तर सरळ विचारा: 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने विचार येत नाहीत, आलेले बोलले जातात. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्या घरी. अशा वेळचा झटका पुष्कळदा थोड्या काळाचा असतो, त्या वेळात डबा हाताशी नसला तरी जीव वाचतो. टेली-मानस १४४१६ हा सरकारी फोन २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी वेगळा १४४४६ आहे.

आणि ज्यांना वाटतं की आपल्याच घरात हे घडतंय, त्यांच्यासाठी: २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूमुळे मदतीची गरज असलेले ५.७ कोटींच्या आसपास आहेत, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कसलाही उपचार मिळाल्याचं त्यात आढळलं. तुमच्या घरचा माणूस एकदा सोडून चौदा महिने राहिला म्हणजे त्याने उपचाराची वाट एकदा पाहिलेली आहे. दुसऱ्यांदा ती शोधावी लागत नाही. जुना केसपेपर काढा आणि तोच घेऊन जा. दाखल व्हावं लागलं तरी तिथल्या लोकांना याची सवय असते. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, आणि पुन्हा आलेला पेशंट ही तिथे नवलाची गोष्ट नाही.

---

मोजपट्टी

डॉक्टर, पायवाटताई, सहचरीताई, वाचून विचार बदलला असं पूर्ण म्हणणार नाही, पण मुदत सांगून बाजूला करणं आणि उधारी त्यालाच फेडू देणं, हे मला धाकापेक्षा पक्कं वाटतंय. एक विचारतो. ती खुंटीवरची माळ घरच्यांनी काय करावी? कुणी म्हणतं लगेच परत घाल, कुणी म्हणतं आता विटाळली, नदीत सोड.

---

इंद्रायणीकाठ

सोडू नका, आणि त्याच्या गळ्यात आपण होऊन घालूही नका. ज्यांच्याकडून घेतली असेल त्यांच्याकडे त्याने स्वतः जावं, झालेलं सांगावं आणि विचारावं. आळंदीला किंवा पंढरपूरला जाऊन स्नान करून पुन्हा घालायला सांगतात बऱ्याच ठिकाणी, काही जण एकादशी बघतात. कधी जायचं ते त्याला ठरवू द्या. पंधरा दिवस लागोत, दोन महिने लागोत. मधल्या काळात 'कधी घालणार?' हे विचारू नका, आणि पाहुणे आले म्हणून ती खुंटीवरून काढून कपाटात लपवूही नका.

एवढं मात्र करता येईल: घामाने दोरा कुजतो, गाठीपाशी आधी. तो जवळून बघा. कच्चा झाला असेल तर मणी ओल्या फडक्याने पुसून पक्क्या दोऱ्यात पुन्हा ओवून ठेवा, आणि त्याच खुंटीला अडकवा.